घरी बनवलेला टॅप आणि क्यूची पिन: अडकते, हलते, वाकडी बसते तेव्हा

क्यू, म्हणजे पूल किंवा स्नूकरची काठी, दोन तुकड्यांची असते. एका तुकड्यातली आट्यांची पिन दुसऱ्या तुकड्यातल्या (शाफ्टमधल्या) आट्यांच्या भोकात फिरवली की सांधा बसतो. भोकात आटे पाडणारं हत्यार म्हणजे टॅप. तक्रार ठरलेली असते. शाफ्टमधले जुने आटे झिजले, म्हणून भोक मेपल लाकडाच्या दांडीने बुजवलं, नवं भोक पाडलं, लेथवर घरीच बनवलेला टॅप फिरवला. आटे दिसायला सुरेख आले, पण पिन चार फेऱ्या सरळ गेली आणि पाचव्या फेरीला अडकली. मग ‘टॅपला पाणी नीट पाजलं गेलं नाही’ असं म्हणून तो पुन्हा भट्टीत जातो.

पाणी पाजण्याचा (पोलाद तापवून, विझवून कडक करण्याचा) आणि अडकण्याचा संबंध जवळजवळ नसतो. मऊ राहिलेला टॅप लाकडाचे तंतू फाडतो, लवकर बोथट होतो, पितळात तर दुसऱ्या भोकालाच दाते मुडपून घेतो. पण त्याने पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) बदलत नाही. पिन सरळ असेल तर ती अडकण्याची कारणं तीनच: पिच चुकली, आकार चुकला किंवा भोक चुकलं. तिघांपैकी कोण, हे पिन कितव्या फेरीला आणि कशी अडकते त्यावरून कळतं. म्हणून टॅप पुन्हा तापवण्याआधी फेऱ्या मोजा.

आधी पिन मोजा, नाव नंतर विचारा

इंदूरच्या सियागंज बाजारात टॅप मागितला की पहिला प्रश्न येतो, ‘कौन सी चूड़ी?’ आणि मिळतात ते एम ८, एम १०, ५/१६ बीएसडब्ल्यू, ३/८ बीएसडब्ल्यू (ब्रिटिश व्हिटवर्थ आटे). पूल क्यूच्या पिना मात्र ५/१६-१४, ३/८-१०, ३/८-११ अशा असतात, म्हणजे व्यास इंचात आणि पुढचा आकडा इंचाला किती आटे याचा. हे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं गणित नव्हे, म्हणून तर टॅप घरी करावा लागतो. (स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीतला, म्हणजे खेळ आपल्याच मध्य प्रदेशातला. पण पूल क्यू सोबत घेऊन आले ते अमेरिकन इंचातले आटे.)

पिनचे दहा आटे मोजायला मिळाले तर माथ्यापासून माथ्यापर्यंत व्हर्निअरवर हे आकडे यायला हवेत:

इंचाला ८ आटे: ३१.७५ मिमी
इंचाला १० आटे: २५.४० मिमी
इंचाला ११ आटे: २३.०९ मिमी
इंचाला १४ आटे: १८.१४ मिमी
इंचाला १८ आटे: १४.११ मिमी
एम ८, पिच १.२५: १२.५० मिमी

दहा आटे बाहेर नसतील तर पाच मोजा आणि दुप्पट करा. शेवटच्या दोन ओळींवर सगळ्यात जास्त घोटाळा होतो. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी, आणि एम ८ आठाचा. घासलेल्या पिनेवर हा फरक व्यासावरून कळत नाही, दहा आट्यांच्या लांबीवरून लगेच कळतो.

५/१६-१८ च्या बाबतीत आणखी एक फसगत आहे. ५/१६ बीएसडब्ल्यूलाही इंचाला १८ च आटे असतात, त्यामुळे तो टॅप ‘चालतो’. पण बीएसडब्ल्यूचा कोन ५५ अंश आणि अमेरिकन पिनेचा ६०. लाकडात हे खपून जातं. पितळी इन्सर्टमध्ये (सांध्यात बसवलेल्या आट्यांच्या नळीत) पिन आट्याच्या पूर्ण बगलेवर, म्हणजे उतरत्या बाजूवर, न बसता अरुंद पट्टीवर टेकते, तेवढाच पट्टा झिजतो आणि काही महिन्यांत सांधा टकटक वाजायला लागतो.

फेऱ्या मोजून निदान

पिनेच्या आट्यांवर काळा परमनंट मार्कर फिरवा, वाळू द्या. अडकेपर्यंत हाताने फिरवा, फेऱ्या मोजा, पान्हा लावू नका. पिन काढून भिंगाखाली बघा की शाई कुठे घासली गेली.

दीड-दोन फेऱ्यांत भिंतीला धडकल्यासारखी अडकली तर पिचच वेगळी आहे. ३/८-११ च्या भोकात ३/८-१० ची पिन घातली की असंच होतं. दर आट्याला ०.२३ मिमी फरक पडतो, पुढे जायला जागाच उरत नाही.

चार-पाच फेऱ्यांनंतर हळूहळू जड होत गेली, तर पिचमध्ये बारीक चूक आहे. शाई पहिल्या आट्यांच्या एका बगलेवर आणि शेवटच्या आट्यांच्या विरुद्ध बगलेवर घासलेली दिसते. ही खूण दिसली की इतर काही शोधू नका, लेथच्या गिअरकडे जा.

पहिल्या फेरीपासून सारखीच जड असेल तर शाई बघा. माथ्यावरची गेली असेल तर टॅपचा बाहेरचा व्यास कमी आहे. तळातली गेली असेल तर भोक लहान आहे. दोन्ही बगलांवरची सारखी गेली असेल तर टॅपचे दाते बारीक आहेत.

एकाच कोनात जड, पुढे मोकळी, पुन्हा त्याच कोनात जड, असं असेल तर पिन वाकलेली आहे किंवा आटे तिरके पडलेत. पिन काचेवर लोळवून बघा. ती सरळ निघाली तर दोष भोकाचा.

शेवटचा प्रकार: पिन लोण्यासारखी जाते, पण सांधा हलतो. यावर पुढे सविस्तर.

बारीक पिचची चूक: १२७ दात्यांचा गिअर नसतो तेव्हा

लीड स्क्रू (लेथचं टूल पुढे सरकवणारा लांब आट्यांचा दांडा) इंचाचा, म्हणजे इंचाला ४ आट्यांचा असेल तर काळजी नाही. १० आट्यांसाठी ४०/१०० (४० दात्यांचा गिअर चालवणारा, १०० चा चालणारा) लावा, पिच बरोबर येते. लीड स्क्रू ६ मिमीचा असेल तर इंची आट्यांसाठी १२७ दात्यांचा गिअर लागतो, आणि तो छोट्या लेथच्या संचात बऱ्याचदा नसतो. मग १२७ च्या निम्मे ६३.५, म्हणून ६३ चा गिअर लावायचा जुना रिवाज आहे. पाइपचे दोन-चार आटे पाडायचे तर तो चालतो, क्यूच्या सांध्याला नाही. ६३/७५ × ३०/६० लावलं तर २.५४ ऐवजी २.५२ मिमीची पिच येते. एका आट्यात ०.०२ मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण पिन भोकात २५ मिमी, म्हणजे दहा आटे जाते, आणि दहाव्या आट्यापर्यंत ०.२ मिमी साठतात. बगलेतली मोकळीक अर्ध्यातच संपते, म्हणून पिन पहिले चार-पाच आटे मुकाट जाते आणि मग रुसते.

१२७ नसेल तर ५५ आणि ६५ ची जोडी वापरा. ६ मिमी लीड स्क्रू आणि स्पिंडलपासून पहिल्या गिअरपर्यंत १:१ धरून:

इंचाला १० आटे: ५५/६५ × ३०/६०, पिच २.५३८
इंचाला ११ आटे: २५/६५, पिच २.३०८
इंचाला १४ आटे: ५५/६५ × २५/७०, पिच १.८१३

चूक ०.०६ टक्के राहते, दहा आट्यांत जेमतेम ०.०१५ मिमी. लाकूडच काय, पितळातही ती जाणवत नाही. हे गिअर पाच-पाच दात्यांच्या साध्या संचात असतात.

गिअर बसवल्यावर टूलचा पहिला पास (पहिला काप) फक्त ०.०५ मिमीचा, ओरखड्यासारखा घ्या. लेथ थांबवून दहा आटे मोजा. १० आट्यांच्या टॅपवर २५.४ यायला हवं, २५.२ आलं तर तिथेच थांबा, तेवढा गज अजून वाचलेला असतो. आणि मेट्रिक लीड स्क्रूवर इंची आटे काढताना हाफ नट (टूल लीड स्क्रूला जोडणारा उघडझाप होणारा नट) एकदा लावला की शेवटपर्यंत उघडायचा नाही. टूल मागे घ्या, मोटर उलटी फिरवून परत या. उघडून ‘अंदाजाने’ परत लावला तर टूल शेजारी पडतं, दात बारीक होतो आणि टॅप वाया जातो.

पिन जाते, पण हलते: दात्याची रुंदी

सगळ्यात जास्त टॅप इथे फुकट जातात, कारण टॅपचा व्यास मायक्रोमीटरवर बरोबर असतो.

३/८-१० च्या सपाट तळाच्या पिना नेहमीच्या ‘व्ही’ आट्यांसारख्या नसतात. समजा पिनेचा बाहेरचा व्यास ९.५३ आणि तळाचा ७.८० मोजला. आट्याची खोली झाली सुमारे ०.८६ मिमी. ६० अंशाच्या आट्यात एवढ्या खोलीच्या दोन बगला मिळून रुंदीतला सुमारे १ मिमी खातात. पिच २.५४, म्हणजे उरलेला १.५४ मिमी माथ्याच्या आणि तळाच्या सपाटीत वाटला जातो. माथा ०.३२ चा असेल तर तळ १.२२ चा. थोडक्यात, दात अरुंद आणि दरी रुंद.

आता टॅपसाठी नेहमीचं टोकदार ६० अंशाचं टूल लावून ०.८६ खोल गेलात, तर दरी अरुंद होते आणि टॅपचा दात माथ्यावर जवळजवळ दीड मिमी रुंद राहतो. तो भोकात तेवढीच रुंद खाच पाडतो, आणि पिनेचा ०.३२ चा दात त्या खाचेत डुलतो. व्यास बरोबर, पिच बरोबर, तरी क्यू पुढे-मागे खटखटते.

उपाय टूलच्या टोकात आहे. पिनेच्या दरीची रुंदी तळाशी मोजा आणि टूलच्या टोकाला त्यापेक्षा सुमारे ०.०५ मिमी कमी सपाटी द्या, म्हणजे टॅपचा दात पिनेच्या दातापेक्षा तेवढा जाड राहील. टोक ऑइलस्टोनवर घासताना टूल पिनेच्या दरीत धरून उजेडाकडे बघा. बगलांवर उजेडाची रेघ सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला गुडूप झाली तर कोन चुकतोय.

बाहेरचा व्यास लाकडासाठी पिनेपेक्षा ०.०५ ते ०.०७ जास्त, पितळासाठी ०.०२ ते ०.०४ जास्त ठेवा. हाताने टॅप फिरवताना भोक थोडं मोठं होतंच, त्यामुळे याहून सैल जाऊ नका. त्याच मापाचा चांगला, न झिजलेला शाफ्ट किंवा इन्सर्ट जवळ असेल तर तोच गेज, म्हणजे मापाचा नमुना. फ्लूट (चुरा निघायच्या उभ्या खाचा) पाडण्याआधी टॅपचे आटे पॉलिश करून, तेल लावून त्यात फिरवून बघा. घट्ट, पण बोटांनी जाईल इतका असला की माप जमलं.

सांधा वाकडा: टॅप भोकामागे जातो

टॅप स्वतःचा रस्ता सरळ करत नाही. भोक नेईल तिकडे जातो. बुजवलेल्या दांडीत डिंकाची रेघ एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला मऊ असते, ड्रिल मऊ बाजूला सरकतं आणि त्यामागून टॅप. मग दोन्ही तुकडे जोडून टेबलावर लोळवले की टोक नाचतं.

३/८-१० साठी आधी ७.५ मिमी ड्रिल करा, मग छोट्या बोअरिंग बारने (भोक आतून कातणाऱ्या टूलने) किंवा रीमरने ७.९५ पर्यंत आणा. बोअरिंग बार मागचं वाकडं भोक सरळ करतो. रीमर फक्त मोठं करतो. शाफ्ट मागच्या बाजूला सांभाळा आणि चकमध्ये (लेथच्या पकडीत) मास्किंग टेपचे सारखे वेढे देऊन धरा. डायल (डगमग मोजणारं घड्याळ) लावून सांध्याच्या तोंडाशी डगमग ०.०३ मिमीच्या आत आणा आणि मगच ड्रिलला हात लावा.

टॅपला पुढे आटे नसलेला पायलट ठेवा: १० ते १२ मिमी लांब, भोकापेक्षा ०.०३ ने कमी व्यासाचा. पहिला दात लागण्याआधीच पायलट भोकात असतो, त्यामुळे टॅपला तिरकं व्हायला जागा मिळत नाही. भोक अर्थात तेवढं जास्त खोल लागतं. मागच्या टोकाला सेंटरचं भोक ठेवा, म्हणजे टेलस्टॉकचा (लेथच्या मागच्या सरकत्या आधाराचा) सेंटर आधार देतो. चक हाताने फिरवा, मोटरने नाही. टेलस्टॉक हलक्या दाबाने मागोमाग सरकवत राहा.

भोकाच्या तोंडाशी ३ मिमी खोल, ९.६ व्यासाचं काउंटरबोअर (आटे नसलेलं रुंद तोंड) करायला विसरू नका. ते नसलं की पहिल्या आट्याचा काठ वर उचलला जातो, सांध्याची दोन तोंडं पूर्ण मिळत नाहीत, आणि लोक उगाच सांध्याचं तोंड लेथवर पुन्हा पुन्हा घेत बसतात.

लाकडात आटे फाटतात

टॅपचा रेक (दाताच्या कापणाऱ्या तोंडाचा कल) शून्य असेल तर तो लाकूड कापत नाही, ओरबाडतो. लाकडासाठी तीन फ्लूट आणि दाताच्या पुढच्या बाजूला १० ते १५ अंशांचा हुक, म्हणजे पुढे झुकलेला रेक, द्या. तीन फ्लूट सारखे पाडायला डिव्हायडिंग हेडची (सारखे कोन पाडून देणाऱ्या उपकरणाची) गरज नाही. तीन जबड्यांच्या चकमध्ये टॅप धरा, एक जबडा लेथच्या बेडवर ठेवलेल्या ठोकळ्यावर टेकवा, फ्लूट पाडा, मग पुढचा जबडा टेकवा. १२० अंश आपोआप मिळतात. मधला गाभा ४.५ मिमीपेक्षा बारीक करू नका. दात्याच्या कापणाऱ्या कडेमागे अर्धा मिमी पट्टी सोडून पुढचा भाग बारीक कानसेने किंचित उतरवा. नाहीतर टॅप भोकात घासतो, तापतो आणि लाकडाला चकाकी आणतो. पुढचे सहा ते आठ आटे टेपर, म्हणजे निमुळते, असू द्या.

पहिल्यांदा आटे पाडले की आत पातळ सुपरग्लू किंवा पातळ इपॉक्सी सोडा. पूर्ण सुकल्यावर तोच टॅप पुन्हा फिरवा. उभे राहिलेले तंतू कडक होऊन दुसऱ्या फेरीत कापले जातात. हे जुलैत केलं तर आणखी एक गोष्ट: इंदुरात पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि मे महिन्यात आकसतं. त्यामुळे एका ऋतूत बरोबर बसवलेला सांधा दुसऱ्या ऋतूत थोडा वेगळा बसतो. आटे मेणाने बंद केले तर हा फरक कमी होतो.

काचतंतूची दांडी, म्हणजे जी १०, भरून आटे पाडणार असाल तर घरचा टॅप चार-सहा भोकांतच बोथट होतो. काच धार खाते, त्याला पर्याय नाही.

पोलाद आणि पाणी

लोहामंडीत गज मागताना ओएचएनएस असंच म्हणा: ऑइल हार्डनिंग, नॉन श्रिंकिंग. नावातच त्याचा गुण आहे. तेलात विझवल्यावर माप फारसं हलत नाही. १२ मिमी जाड, ११० मिमी लांब तुकडा पुरतो. साधं एमएस (माइल्ड स्टील) कडक होतच नाही, आणि जुन्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) एंडमिलचा दांडा घरच्या बर्नरवर कडक करायचा प्रयत्न व्यर्थ आहे. त्याला १२०० अंशांच्या आसपास ताप लागतो.

ओएचएनएसला ७९० ते ८१५ अंश. दोन-तीन फायर ब्रिकची खोली करून गॅस बर्नरने सावकाश तापवा. चुंबक चिकटणं बंद होतं ते ७७० च्या सुमारास. तिथून रंग किंचित उजळ होईपर्यंत न्या आणि ४ ते ५ मिनिटं तिथेच ठेवा. तापवण्याआधी आट्यांत अंगाचा साबण रगडून भरा, नाहीतर आट्यांच्या माथ्यावरचा कार्बन जळतो आणि धार मऊ राहते. तेल २ ते ३ लिटर, आधी ५० अंशांपर्यंत कोमट केलेलं, झाकण असलेल्या लोखंडी डब्यात. टॅप उभा बुडवा, आडवा नको. आडवा बुडवलेला टॅप हमखास वाकतो. डब्याच्या तळाशी पाण्याचा थेंबही नको, आणि बाजूला कोरड्या वाळूची बादली हवीच.

कानस फिरवून बघा: घसरली तर कडक झाला, चावली तर नाही. त्याच दिवशी टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा मंद तापवणं) करा, २०० ते २२० अंशांवर तासभर. घरच्या ओटीजीच्या (छोट्या विजेच्या ओव्हनच्या) थर्मोस्टॅटवर भरवसा नको. टॅपचा दांडा चकचकीत करून आत ठेवा, गवताच्या फिक्या पिवळ्या रंगावर आला की बास. तपकिरी झाला तर लाकडाला चालेल, पितळात तो टॅप टिकणार नाही.

पितळात टॅप चावतो किंवा तुटतो

स्नूकर क्यूच्या पितळी सांध्यात लाकडाचा टॅप वापरू नका. १५ अंशांचा हुक पितळात खेचला जातो, दात खोल घुसतो आणि टॅप कडकन तुटतो. पितळासाठी वेगळा टॅप, रेक ० ते ५ अंश, चार फ्लूट. अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे. दर तीन-चार फेऱ्यांनी बाहेर काढून चुरा झटका.

तुटलाच तर पंच-हातोडी घेऊ नका. पितळी सांध्याची भिंत पातळ असते, ती फुगते. इन्सर्ट लाकडातून काढा. काचेच्या भांड्यात गरम पाण्यात तुरटी विरघळेल तेवढी विरघळवा, इन्सर्ट त्यात बुडवा आणि पाणी ६०-७० अंशांवर राहील असं बघा. तुरटी पोलाद खाते, पितळाला फारसं काही करत नाही. टॅपच्या तुकड्याभोवती बुडबुडे दिसायला लागले की काम सुरू झालं. जाडीप्रमाणे काही तास ते एक-दोन दिवस लागतात, पाणी काळपट झालं की बदला. इन्सर्टमध्ये दुसरा पोलादी भाग असेल तर तो आधी काढा, तोही खाल्ला जाईल. तुकडा सैल होऊन निघाला की इन्सर्ट खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, सुकवा, आणि नव्या टॅपने आटे एकदा साफ करून घ्या.